किती यायला पाहिजे?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली दुपार. ठाण्यातल्या एका कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब, एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची, पहिलीच बॅच. पाऊस असा की येऊरचा डोंगर सकाळपासून दिसलाच नव्हता. दाराशी छत्र्या ठिबकत होत्या, ओल्या ॲप्रनांचा कुबट वास आणि पंख्यांची घरघर. आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या मॅडमचं ते शिकवण्याच्या आयुष्यातलं पहिलं प्रॅक्टिकल होतं, आणि ते बरं चाललं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर एका मुलीची दोन टायट्रेशनं (ॲसिड उदासीन व्हायला किती बेस लागतो ते मोजणं) झाली होती, तिसऱ्यासाठी ती ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली, आकडे आखलेली काचेची नळी, भरत होती. वर न बघताच तिने विचारलं, "मॅम, किती यायला पाहिजे?" मॅडमनी आपल्या वहीत पाहिलं आणि सांगून टाकलं, "दहा पॉइंट चार." पुढच्या दहा मिनिटांत विसाच्या वीस जर्नलांत १०.४, १०.४, १०.४ असे आकडे एकाखाली एक लिहिले गेले. सीबीआर, म्हणजे एकसारखं आलेलं ब्युरेटचं रीडिंग, १०.४. प्रॅक्टिकल अर्धा तास आधीच आटोपलं, मुलं स्टेशनकडे पळाली. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिला दिवस निभावल्याचं समाधान होतं, आणि त्या दिवशी तरी ते कुणी हिरावून घ्यावं असं वाटत नव्हतं. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

किती यायला पाहिजे?

त्या मुलीचा त्यात काही दोष नाही. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेपासून तिला हेच शिकवलं गेलं आहे. परीक्षक आधी स्वतः टायट्रेशन करून आकडा लिहून ठेवतात, आणि विद्यार्थ्याचा आकडा त्याच्यापासून किती दूर, त्यावर गुण ठरतात. फरक नगण्य असेल तर पूर्ण गुण, वाढत गेला तसा एखादा कमी. अशा परीक्षेत हुशार मुलाने ब्युरेटकडे बघण्यापेक्षा परीक्षकाच्या कागदाकडे बघायला शिकणं स्वाभाविकच आहे. त्यात ही मुलगी आसनगावहून येते. एक टायट्रेशन जास्तीचं म्हणजे एक लोकल गेली, आणि त्या मार्गावर पुढची लोकल लगेच नसते. मॅडमचंही तसंच. एमएस्सी झालं, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली, तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली. संशोधनाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम केलेलं असलं तरी वीस जणांना एकाच वेळी ब्युरेट कशी धरायला लावायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठी भीती एकच असते, की प्रयोग 'येणार नाही'. अशा वेळी हाताशी असलेला आकडा देऊन टाकणं हा त्यातून सुटण्याचा सरळ रस्ता.

पण त्या १०.४ कडे जरा थांबून बघण्यासारखं होतं. फ्लास्कमध्ये ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) ऑक्झॅलिक ॲसिड, १० मिली. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे तेही ०.१ नॉर्मल. मग १०.० यायला हवं. वरचे ०.४ आले कुठून? ते पावसाचे आहेत. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक हवेत टिकतात, लिटरला ६.३०३ ग्रॅम अचूक तोलून घेता येतात, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवायचा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्यांचं तसं नाही. जुलैत ठाण्यात बाटलीचं झाकण उघडल्यापासून तराजूवर आकडा स्थिर होईपर्यंत गोळ्या चकाकायला लागतात, दोन मिनिटांत एकमेकींना चिकटतात, आणि तराजूवरचा शेवटचा अंक वर वर सरकत राहतो. त्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून घेत असतात आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून स्वतःचा कार्बोनेट करत असतात. पाच लिटरसाठी लॅबमधल्या मामांनी, म्हणजे लॅबच्या मदतनिसांनी, २० ग्रॅम तोलले, त्यातलं सुमारे पाऊण ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड नव्हतंच; ओलावा, कार्बोनेट आणि थोडी मूळची अशुद्धी होती. म्हणून द्रावण ०.०९६ नॉर्मल झालं, म्हणून ०.४ मिली जास्त लागलं. त्या दिवशी ब्युरेटमधून मुलं बाहेरचा पाऊस मोजत होती. हे त्यांना सांगायला अर्धा तास शिल्लकही होता.

नव्या शिक्षकाचं पहिलं प्रॅक्टिकल खरं तर आदल्या दिवशी दुपारी सुरू होतं, आणि त्या वेळी लॅबमध्ये सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे मामा. कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, कोणत्या स्टँडचा स्क्रू फिरतो, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कधी भरला, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याबरोबर बसून वीसही ब्युरेटी पाण्याने शून्यापर्यंत भरून दहा मिनिटं उभ्या ठेवायच्या. पाणी रेघेखाली उतरलं तर तोटी गळते आहे. काचेची तोटी असेल तर पुसून कोरडी करून व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्यायचा, भोकाजवळ लावायचं नाही, नाहीतर तेच भोकात जाऊन बसतं. टेफ्लॉनची असेल तर मागची चकती थोडी आवळायची. पाणी सोडताना काचेच्या आतून थेंब चिकटून राहत असतील तर नळी तेलकट आहे, साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवायलाच हवा. एक थेंब ०.०५ मिलीचा धरला तर भिंतीवर राहिलेले चार थेंब म्हणजे ०.२ मिली, परीक्षेत गुण जायला तेवढे पुरतात. आणि काम झाल्यावर ब्युरेट धुऊन, तोटी उघडी ठेवून, उलटी टांगायची. सोडियम हायड्रॉक्साइड रात्रभर आत राहिलं तर सकाळी काचेची तोटी अशी बसते की हिसका दिला तर नळीच तुटते.

मग द्रावणाचा हिशोब. हा चुकला की सगळंच बिघडतं, आणि नवा शिक्षक इथेच हमखास चुकतो, कारण संशोधनात शंभर मिली द्रावण पुष्कळ होतं. एका मुलाची एक कच्ची आणि तीन पक्की टायट्रेशनं, म्हणजे सुमारे ४२ मिली. ब्युरेट दोनदा विसळायला २० मिली. तोटीखालची जागा भरायला, सांडायला, एखादं टायट्रेशन पुढे जाऊन पुन्हा करायला आणखी तीस-चाळीस. माणशी १०० मिली धरले तर वीस जणांना दोन लिटर, आणि हाताशी तीन लिटर तरी हवेत. हे तीन लिटर एकाच भांड्यातले, एकदाच ढवळलेले पाहिजेत. प्रॅक्टिकलच्या मध्यावर द्रावण संपलं आणि मामांनी घाईघाईने दुसरं करून दिलं की त्याची नॉर्मॅलिटी वेगळी होते. मग अर्ध्या बॅचला १०.४ आणि अर्ध्या बॅचला १०.१ येतात, दोन्ही बरोबर असतात, आणि ज्याने दोन टायट्रेशनं जुन्या बाटलीतून व तिसरं नव्या बाटलीतून केलं त्याला वाटतं की आपल्या हातातच काहीतरी खोट आहे. पाणीही उकळून गार केलेलं असावं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हे सगळं झाल्यावर शिक्षकाने त्याच बाटल्यांतून, मुलांना मिळणाऱ्याच ब्युरेटीने, स्वतः तीन टायट्रेशनं करायची. आकडा मिळतो तो फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा असा की हाताला कुठे अडखळायला होतं ते कळतं.

तोलण्या-मोजण्याच्या गोष्टीत एक लहानसा तपशील मुलांना दाखवण्यासारखा आहे. आपल्याकडे बनलेल्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर बारीक अक्षरात २७° लिहिलेलं असतं, युरोपातून आलेल्या फ्लास्कवर २०°. काच आणि पाणी दोन्ही तापमानाने प्रसरण पावतात, म्हणून रेघ कोणत्या तापमानाला खरी तेही भांड्यावर छापावं लागतं. कुणीतरी विचार करून आपली काच आपल्या उकाड्यासाठी आखली आहे. वर्गातली मुलं तो आकडा शोधायला फ्लास्क डोळ्यांशी नेतात तेव्हा पहिल्यांदाच भांड्याकडे नीट बघतात.

प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला बोलायला वीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यातली निम्मी भाषेवर खर्च करावी असं माझं ठाम मत आहे. एफवायच्या वर्गात बदलापूर, वाशिंद, दिवा, कळवा असा सगळा पट्टा बसलेला असतो, आणि त्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावीला इंग्रजीत उडी मारताना त्यांचे जुने शब्द काठावरच राहिले. 'इंडिकेटर' म्हटलं की ती लिहून घेतात; 'इंडिकेटर म्हणजे आपला दर्शक' म्हटलं की ती मान वर करतात. ॲसिड म्हणजे आम्ल, बेस म्हणजे आम्लारी, न्यूट्रलायझेशन म्हणजे उदासिनीकरण, हे त्यांनी आठवी-नववीत लिटमसच्या कपट्यांसकट पाहिलेलं असतं. ज्ञान आत असतं, फक्त दुसऱ्या नावाच्या कप्प्यात ठेवलेलं. परीक्षेत उत्तर इंग्रजीत लिहायचं आहे, त्यामुळे इंग्रजी शब्द फळ्यावर हवाच. पण एकदा, फक्त एकदा, दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली तर पुढचं सोपं होतं. ज्या शिक्षकाला स्वतःला मराठी शब्द आठवत नाही त्याने मुलांनाच विचारावा. शेवटच्या बाकावरून उत्तर येतं.

उरलेल्या दहा मिनिटांत एकच चित्र. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड २५ मिली घेतलं आणि वरून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो तर २४.९५ मिलीला पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, ४ असतो आणि २५.०५ मिलीला १०. मध्ये फक्त ०.१ मिली, म्हणजे दोन थेंब. चोवीस मिली ओतेपर्यंत जे द्रावण जागचं फारसं हललं नाही ते दोन थेंबांत सहा पायऱ्या चढतं, आणि प्रत्येक पायरी दहापटीची. फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक ८.३ ते १० च्या दरम्यान रंग बदलतो, मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या दरम्यान. इथे उडी एवढी उभी की दोघंही चालतात. ऑक्झॅलिक ॲसिडला मात्र मिथिल ऑरेंज चालत नाही. त्याचा दुसरा प्रोटॉन सहजी सुटत नाही, त्यामुळे दहा मिलीची अपेक्षा असताना आठाच्या आसपासच रंग बदलून मोकळा होतो. हे चित्र फळ्यावर हाताने काढावं, आणि उभी रेघ काढताना हात खरंच हळू करावा. शेवटचे थेंब सावकाश का सोडायचे, हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

प्रत्यक्ष टायट्रेशन सुरू झाल्यावर नव्या शिक्षकाला सगळ्या टेबलांवर एकदम धावावंसं वाटतं. त्यापेक्षा भिंतीशी उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघावं. चुका लांबूनच स्पष्ट दिसतात. फनेल ब्युरेटवर तसाच राहिलेला असतो, त्यातून थेंब आत पडतात आणि रीडिंग कमी येतं. तोटीखाली बुडबुडा अडकलेला असतो, मध्येच निघून जातो, आणि त्याची जागा भरायला गेलेलं द्रावण फ्लास्कमध्ये पडलं असं समजून लिहिलं जातं; रीडिंग जास्त येतं. पन्नास मिलीची ब्युरेट स्टँडवर चढवली की शून्याची रेघ उंचीने लहान मुलीच्या डोक्याच्या वर जाते, ती खालून बघते आणि आकडा जास्त वाचते. तिला टाचा वर करायला सांगण्यापेक्षा क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली आणून द्यावी. कुणी पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढत असतो. तो थेंब आतच राहायचा आहे, पिपेटवरची रेघ तो वगळून आखलेली असते. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून क्षणभर थांबलं की पुरे. कुणी फिनॉल्फ्थॅलिनचे दोनऐवजी दहा थेंब टाकतो. आणि गडद गुलाबी तर जवळजवळ सगळ्यांचं पहिल्यांदा होतं, कारण गडद रंग आला की काम झाल्यासारखं वाटतं. हवा असतो तो जेमतेम दिसेल असा फिका गुलाबी, पांढऱ्या टाइलवर, अर्धा मिनिट टिकणारा. त्यानंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पुन्हा उडाला तर उडू द्यावा, त्याच्यामागे लागून आणखी थेंब टाकायचे नाहीत. अर्धा थेंब हवा असेल तर तोटीच्या टोकाला लोंबू द्यायचा, फ्लास्कच्या भिंतीने टिपून घ्यायचा आणि वॉश बॉटलने आत सोडायचा. हे एकदा हातात बसलं की चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो वेगळाच.

एका चुकीसाठी मात्र सगळ्यांना थांबवावं. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच विसळायची, असं सांगितलं की कॉनिकल फ्लास्कही कुणीतरी ॲसिडने विसळतोच. नियम पाठ झाला, कारण कळलं नाही. फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने विसळायचा आणि ओला राहिला तरी चालतो, हे सांगितलं की मुलं संशयाने बघतात. पाण्याने द्रावण पातळ नाही का होणार? होणार. पण पिपेटने आत टाकलेले रेणू तेवढेच राहणार, त्यात पाण्याने भर पडत नाही. ॲसिडने विसळला तर भिंतीवर राहिलेलं ॲसिड न मोजता आत शिरलं. तीव्रता आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोल संकल्पनेच्या धड्यात चार तास घालवूनही जे मनात उतरत नाही ते इथे ओल्या फ्लास्कसमोर उतरतं. त्यासाठी दहा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत.

यातूनच त्या प्रश्नाचं उत्तर सुचत जातं. आकडा सांगायचा नाही, एवढ्याने भागत नाही. मुलं शेजारच्या टेबलाकडे बघतात. रचनाच अशी हवी की आकडा आधी माहीत असण्याचा उपयोगच होऊ नये. एक साधा उपाय आहे: दर वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरायची नाही. पहिलं टायट्रेशन जिथे संपलं तिथून दुसरं सुरू करायचं. ०.० पासून १०.४, तिथून २०.७, तिथून ३१.१. तिसऱ्या वेळी थांबायचं कुठे याचा डोळ्याला अंदाज राहत नाही, रंगाकडेच बघावं लागतं, आणि वजाबाकी केल्यावर १०.४, १०.३, १०.४ असं काहीतरी खरं हाती येतं. द्रावणही कमी लागतं. दुसरं, रीडिंग पेनने, रफ जर्नलात, तिथल्या तिथे. चुकलं तर एक आडवी रेघ आणि बाजूला कारण. जर्नलावर सही त्या रफ पानाला बघून करावी, सीबीआरच्या चौकटीला बघून नव्हे. ज्याच्या पानावर '१०.९, बुडबुडा होता' असं खोडलेलं आहे, त्याला शाबासकी सगळ्यांसमोर द्यावी. दोन आठवड्यांत बॅचचा सूर बदलतो. शाबासकी कशाला मिळते, हे मुलं फार लवकर ओळखतात.

पुढच्या आठवड्यात सांगायला एक गोष्टही आहे. १८९२ मध्ये लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून केलेला नायट्रोजन यांचे आकडे जुळेनात. त्यांनी जुळवून घेतले नाहीत. 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून कारण सुचवायला सांगितलं. पुढे काचेच्या एकाच गोळ्यात हवेतला नायट्रोजन २.३१० ग्रॅम भरला आणि रासायनिक २.२९९ ग्रॅम. अकरा मिलिग्रॅमचा तो फरक आरगॉन या तोवर अज्ञात वायूमुळे होता. १८९४ मध्ये रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी तो जाहीर केला, आणि १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. आपल्या प्रत्येक श्वासात सुमारे एक टक्का आरगॉन असतो. सीबीआर जुळवायची सवय असती तर तो आणखी किती वर्षं तसाच राहिला असता कोण जाणे.

थिअरीच्या तासाबद्दल थोडंच. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात हजेरी, उशिरा आलेल्या लोकलची मुलं आणि पंख्यांचा आवाज वजा केला तर चाळीस मिनिटं उरतात, आणि त्यात एकच गोष्ट नीट सांगून होते. नवा शिक्षक तीन आणतो. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, म्हणून फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही आणि बोलताना लिहायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी वेग आपोआप बसतो. फळ्याचा डावा पाव भाग तास संपेपर्यंत पुसायचा नाही. नव्या शब्दांची जागा तीच.

'किती यायला पाहिजे?' याचं खरं उत्तर मात्र सप्टेंबरमध्ये मिळतं, पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायच्या प्रॅक्टिकलला. नेहमीची पद्धत अशी की मामा कॅल्शियमचं ठरावीक द्रावण करून देतात आणि आकडा शिक्षकाच्या वहीत असतो. त्या मॅडमनी या वेळी तसं केलं नाही. बॅचला सांगितलं, आपापल्या घरचं पाणी आणा, स्वच्छ बाटलीत, अर्धा लिटर, बाटलीवर नाव नको, ठिकाण लिहा. टेबलावर वीस बाटल्या उभ्या राहिल्या. कळवा, दिघा, ऐरोली, घणसोली, बदलापूर, घोडबंदर रोडच्या दोन. नवी मुंबईला मोरब्याचं पाणी, ठाण्याला भातसा आणि उल्हासचं. हे सगळं सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून हलकं, साबणाला भरपूर फेस देणारं. पण सोसायटीच्या टाकीत टँकर किती रिकामा झाला, बोअरचं किती मिसळलं, हे बाटलीकडे बघून सांगता येत नाही. आसनगावच्या मुलीने विहिरीचं आणलं होतं.

हे प्रॅक्टिकल सोपं नाही. ईडीटीएची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट पकडणाऱ्या रसायनाची, ही पद्धत गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी झुरिकमध्ये १९४० च्या दशकात बसवली. डायसोडियम ईडीटीए लिटरला ३.७२२ ग्रॅम घेतलं की ०.०१ मोलर होतं. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवायचं, कारण साध्या काचेतून ते कॅल्शियम ओढून घेतं. शंभर मिली पाणी, त्यात पीएच स्थिर ठेवणारं अमोनिया-अमोनियम क्लोराइडचं बफर दोन मिली, म्हणजे पीएच १०. मग दर्शक म्हणून इरिओक्रोम ब्लॅक टी, पण द्रावण नको, ते काही दिवसांतच मरतं. मिठात शंभराला एक प्रमाणात घोटलेली पूड, चिमूटभर. द्राक्षाच्या वाइनसारखा लाल रंग येतो. ईडीटीए पडत जातं तसा तो जांभळा होतो, आणि लालसरपणाची शेवटची छटा गेल्यावर निळा. ही अभिक्रिया सावकाश होते, म्हणून शेवटच्या थेंबांमध्ये तीन-चार सेकंद थांबावं लागतं. पण फार रेंगाळूनही चालत नाही: बफर टाकल्यापासून पाच मिनिटांत संपवायचं, नाहीतर त्या पीएचला कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो. मॅग्नेशियम फारच कमी असलेल्या पाण्यात रंग नीट पालटत नाही, कारण कॅल्शियमला हा दर्शक ढिला धरतो. चिमूटभर मॅग्नेशियम-ईडीटीए टाकलं की पालट स्वच्छ दिसतो. पाण्यात तांबं किंवा लोह असेल तर दर्शक अडकून बसतो, निळा येतच नाही. हिशोब सोपा: शंभर मिलीला लागलेला प्रत्येक मिली म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत योग्य म्हटलं आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत.

खिडक्या उघड्या होत्या तरी अमोनियाचा वास घशाला लागत होता. फळ्यावर ठिकाणांची यादी भरत गेली. धरणाच्या पाण्यांना जेमतेम तीन-चार मिली लागत होते, एवढ्याशा आकड्यात ०.१ ची चूकही जड जाते म्हणून मुलं तोटीशी श्वास रोखून बसली होती. घोडबंदरच्या दोन बाटल्या एकाच रस्त्यावरच्या, आकडे मात्र कुठल्या कुठे. त्या दोन मुलांनी बाटल्या अदलाबदल करून पुन्हा केलं आणि तेच आलं. शेजारच्या टेबलावर बघून उपयोग नव्हता, तिथे दुसऱ्या गावचं पाणी होतं. प्रश्न आला, येणारच होता. दोघा-तिघांनी विचारलं, "मॅम, साधारण किती यायला पाहिजे?" मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही रे. तुझ्या घरचं पाणी आहे, तूच सांग मला." हे सांगताना आवाजात जुलैतली धास्ती नव्हती.

पाच वाजत आले तेव्हा आसनगावच्या मुलीच्या पानावर दोन आकडे होते, १५.२ आणि १६.१. दोन्ही पेनने. मॅडमनी विचारलं, पहिल्याला वेळ किती लागला? मुलगी म्हणाली, रंग ओळखता येईना म्हणून बराच. मग दोघी फ्लास्क उजेडाकडे धरून तळाशी काही पांढरं बसलंय का बघत राहिल्या. नीट दिसत नव्हतं. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाटलीकडे. तळाशी शंभर-सव्वाशे मिली उरलं होतं.

"मॅम, अजून एक करते."

तिने फ्लास्क विसळला, डिस्टिल्ड वॉटरने. बाकीची बॅच निघून गेली होती. मामांनी एकेका टेबलावरचा दिवा आणि पंखा बंद करत आणला, आणि खिडकीजवळच्या टेबलाचा तसाच राहू दिला.